कळंबच्या कुंडापाशीं

तीर्थक्षेत्रांचीं वर्णनें वाचकांस नवीं नाहींत. आणि विदर्भांतील गणेशभक्तांना कळंबच्या चिंतामणीची ओळख आम्हीं करून द्यावी असें तर मुळींच नाहीं. तथापि गेल्या मार्गशीर्षांत आम्ही तेथें गेलों असतां जो विषय निघाला, तो देवळापुरता राहिला नाहीं. घरोघरच्या वडील माणसांनीं एकदां मनाशीं घोळवावा असा तो आहे, असें वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

कळंब हें यवतमाळ जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. नागपुराहून यवतमाळास जाणाऱ्या सडकेवर, यवतमाळच्या अलीकडे सुमारें बावीस-तेवीस किलोमीटरांवर तें लागतें. आजवर आम्ही तेथें एस. टी.च्या मोटारीनेंच जात असूं. परंतु ता. २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं वर्ध्याहून कळंबपर्यंतच्या नव्या लोहमार्गाचें उद्घाटन झालें. वर्धा-यवतमाळ-नांदेड या लांबलचक मार्गाचा हा पहिला तुकडा. अंतर अवघें चाळीस किलोमीटरांच्या आसपास. 'आबा, या खेपेस आगगाडीनेंच जायचें,' असा आमच्या नातीनें हट्ट धरला. तेव्हां आम्ही, आमची कन्या व तिची ही सोळा वर्षांची मुलगी अशीं तिघें वर्ध्यास गाडींत बसलों.

देवळी मागें पडली. दोन्ही बाजूंस काळी जमीन, तुरीचीं शेतें पिवळ्या फुलांनीं भरलेलीं, आणि कपाशीच्या ओळींतून ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया. पहिल्या वेचणीच्या वेळीं शेतांत सीतादही करण्याची आमच्या वऱ्हाडची चाल आहे. ती नातीला समजावून सांगत असतां वर्धा नदीचा पूल आला. समोरच्या बांकावरील एका वृद्ध गृहस्थांनीं नदीस हात जोडले आणि म्हणाले, 'रूळ आले खरे. पण आमची शकुंतला गेली ती गेलीच.'

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांवरून धांवणारी जुनी गाडी. विसाव्या शतकाच्या आरंभीं क्लिक निक्सन या इंग्रज पेढीनें यवतमाळचा कापूस मोठ्या लोहमार्गापर्यंत, आणि तेथून मुंबईस, नेण्याकरितां हा एकशें तेरा किलोमीटरांचा फांटा बांधविला. १९९४ पर्यंत तिला वाफेचें एंजिन होतें. आतां ती गाडी बंद पडली आहे. त्या वृद्धांच्या बोलण्यांत माहेरवाशिणीविषयीं बोलावें तशी माया होती.

नात म्हणाली, 'आबा, आपल्या संगीत नाटकाचा आरंभही शकुंतलेपासूनच ना?'

आम्हीं मान डोलाविली. अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' ता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें. आम्ही जन्मभर मुलांस संस्कृत शिकविलेलें असल्यामुळें त्या नाटकाविषयीं आणखी कांहीं सांगावें म्हणून सरसावलों, तोंच तिनें विचारलें, 'आणि त्या शाकुंतलांत शकुंतला कोण होती? पुरुषच ना?' आम्हीं 'हो' म्हटलें. त्यावर तिनें पिशवींतून एक वही काढली. 'मग मी तुम्हांला पहिल्या खऱ्या बाईची गोष्ट वाचून दाखवतें,' असें म्हणून ती वाचूं लागली. ही वही तिनें कशासाठीं भरली होती, हें तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हतें. आमची कन्या मात्र खिडकीबाहेर पाहत होती.

ती गोष्ट कमलाबाई गोखले यांची होती. तिचा सारांश आमच्या शब्दांत देतों.

कमलाबाईंच्या मातुःश्री दुर्गाबाई कामत. त्यांचे पति मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत अध्यापक होते. १९०३ च्या सुमारास उभयतां विभक्त झालीं, आणि लहानग्या मुलीचा भार दुर्गाबाईंवर पडला. त्या काळीं एकट्या स्त्रीस पोट भरण्याच्या वाटा किती? परक्या घरचीं धुणीं-भांडीं ही एक. दुसरीचा उच्चार न करणेंच बरें. दुर्गाबाईंनीं तिसरी धरली. त्या फिरत्या नाटकमंडळींत नटी झाल्या. पांढरपेशा समाजाच्या दृष्टीनें दुसऱ्या व तिसऱ्या वाटेंत कांहींच अंतर नव्हतें. त्यानें आपलीं दारें लावून घेतलीं. कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. ज्या वयांत मुली भातुकली मांडतात त्या वयांत, म्हणजे चार-पांच वर्षांची असतांनाच, ही मुलगी तोंडाला रंग लावून उभी राहिली. आज या गांवीं तर उद्यां त्या गांवीं असा मंडळीचा मुक्काम. जें शिक्षण झालें तें पडद्याच्या मागेंच.

ता. ३ मे १९१३ रोजीं दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. त्यांतील तारामतीच्या कामासाठीं फाळक्यांना स्त्री मिळेना. ज्यांना समाज बाजारबसव्या म्हणतो, त्या स्त्रियांनींही सिनेमांत काम करणें कमीपणाचें मानलें. अखेर उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके यांस लुगडें नेसवून तारामती उभी करावी लागली. पुढें फाळक्यांनीं आपला कारखाना नाशकास हलवून 'मोहिनी भस्मासुर' काढला. त्या चित्रपटांत दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि तेरा वर्षांच्या कमलाबाई मोहिनी. हिंदी चित्रपटसृष्टींत स्त्रीची भूमिका स्त्रीनें केली ती येथें, आणि आई व मुलगी दोघींनीं बरोबरच. येथें नात थांबून म्हणाली, 'आबा, मोहिनी म्हणजे विष्णूनें घेतलेलें बाईचें सोंग. पुराणांतही तें काम पुरुषाचेंच. तें एका मुलीनें करून दाखवलें!' ही गोष्ट आमच्यासारख्या पुराणें चाळणाऱ्याच्या ध्यानांत कधीं आली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें पंधरा-सोळाव्या वर्षीं कमलाबाईंचें लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशीं झालें. रघुनाथराव आधीं किर्लोस्कर मंडळींत होते. मागाहून ते आपल्या बंधूंच्या चित्ताकर्षक नाटक मंडळींत आले. तेथें पति नायक व पत्नी नायिका, असा नवलाचा योग जुळून आला. याच काळांत बालगंधर्वांची सिंधु आणि भामिनी पाहून घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखें नेसायला शिकत होत्या, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे त्या योगाचें महत्त्व कळेल. पुरुष स्त्री झाला तर तो गंधर्व. स्त्री स्त्री झाली तर ती बहिष्कृत! पंचविशीच्या सुमारास कमलाबाईंना वैधव्य आलें. पदरीं तीन मुलगे. पण ज्या स्त्रीस रंगभूमीनें वाढविलें, तिनें रंगभूमीवरच मुलें वाढविलीं. बोलपट आले तेव्हां बोलपटांत कामें केलीं. १९८० सालच्या 'गहराई' या चित्रपटांतही त्या होत्या. 'मोहिनी'पासून मोजलें तर हीं सदुसष्ट वर्षें होतात. वृद्धपणीं त्यांच्यावर रीना मोहन यांनीं एक माहितीपट केला. त्यांत त्या नव्वदीच्या घरांत असूनही जुन्या नाटकांविषयीं बोलतांना दिसतात.

वडील चिरंजीव चंद्रकांत गोखले (१९२१-२००८) मराठी रंगभूमीचे व पडद्याचे मान्यवर नट झाले. सैनिकांच्या कल्याणासाठीं ते वर्षानुवर्षें आपल्या कमाईंतून देणगी देत. लालजी व सूर्यकांत हे दोघे तबलावादनांत गेले. आणि चंद्रकांतांचे पुत्र विक्रम गोखले यांचें नांव ज्यास माहीत नाहीं असा मराठी मनुष्य विरळा, ता. २६ नोव्हेंबर २०२२ रोजीं ते निवर्तले. याप्रमाणें ज्या दुर्गाबाईंस घर नाकारलें गेलें, त्यांच्यापासून चार पिढ्यांचें एक घराणें उभें राहिलें.

'फक्त आपल्याकडेच असें होतें असें नाहीं,' नात वही मिटतां मिटतां म्हणाली. इंग्लंडांतही १६६० पर्यंत स्त्रियांचीं कामें पोरगेच करीत. दुसरा चार्लस गादीवर आला तेव्हां कोठें स्त्रिया रंगभूमीवर आल्या. तेथील एलन टेरी ही १८४७ सालीं फिरत्या नटांच्या पोटीं जन्मली. १८५६ सालीं, नऊ वर्षांची असतांना, शेक्सपिअरच्या 'विंटर्स टेल' नाटकांत राजपुत्राच्या कामांत ती प्रथम उभी राहिली, आणि बरोबर पन्नास वर्षांनीं त्याच नाटकांत त्या राजपुत्राची आई झाली. या नाटकांत नवऱ्यानें व्यर्थ संशय घेतलेली राणी सोळा वर्षें लोकांच्या दृष्टीआड राहते, आणि शेवटीं पुतळा म्हणून जिच्यावरील पडदा सारतात तीच जिवंत होऊन खालीं उतरते. १९२५ सालीं टेरीबाईंस राजाकडून 'डेम' ही पदवी मिळाली. त्यांचा पुत्र गॉर्डन क्रेग रंगमंचाच्या नव्या रचनेबद्दल, आणि नातलगांपैकीं जॉन गिलगुड अभिनयाबद्दल, जगभर नांवाजले गेले. तिकडे पदवी, इकडे आमच्या कमलाबाईंचें नांव आम्हांस नातीच्या वहींतून कळावें!

इतक्यांत कळंब आलें.

चक्रवती नदीच्या कांठचें हें जुनें क्षेत्र. पुराणांत त्यास कदंबपूर म्हणतात. कदंबाचें कळंब कसें झालें म्हणून नवल वाटावयास नको. हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणांत कदंब शब्दाचें कलंब असें रूप सांगितलें आहे. इतर ठिकाणीं देवाकडे पायऱ्या चढून जावें लागतें; येथें उतरून जावें लागतें. जमिनीच्या पातळीखालीं गाभारा, देव दक्षिणाभिमुख, आणि पुढें कुंड. वरचा बाजार, मोटारींचे कर्णे, हारवाल्यांच्या आरोळ्या एकेका पायरीगणिक मागें राहतात, आणि खालीं पोहोंचेपर्यंत गारव्याखेरीज कांहीं जाणवत नाहीं. बारा वर्षांच्या सुमारास कुंडाचें पाणी चढत चढत मूर्तीच्या चरणांस लागतें अशी श्रद्धा आहे, आणि त्या वेळीं दर्शनास अपार गर्दी लोटते. आमच्याकडील काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षें मुरलेलें पाणी कधीं तरी वर यावें, यांत शास्त्रासही विरोध दिसत नाहीं.

दर्शन झाल्यावर कुंडापाशीं बसून आम्हीं नातीला स्थानाची कथा सांगितली. इंद्रानें गौतम ऋषींचें रूप घेऊन अहल्येस फसविलें. गौतमांनीं त्यास शाप दिला. व्याधिग्रस्त झालेल्या इंद्रास पुढें सांगण्यांत आलें, कीं कदंबपुरीं चिंतामणीची आराधना कर. त्यानें येथें तप केलें. अंकुशाच्या प्रहारानें पाणी निघालें, त्याचें हें कुंड झालें, आणि त्यांत स्नान करून इंद्र शुद्ध झाला.

'आणि अहल्या?' नातीनें विचारलें. 'अपराध इंद्राचा, त्याला तीर्थ मिळालें. तिला काय मिळालें?'

'ती शिळा झाली,' असें आम्ही संवयीनें बोलून गेलों. पण शिक्षकाची जित्याची खोड. लागलीच स्वतःची चूक दुरुस्त केली. ती शिळा झाल्याचें वाल्मीकि सांगत नाहींत. बालकांडांत गौतमांचा शाप निराळा आहे. वारा भक्षून, राखेंत पडून, कोणाच्याही दृष्टीस न पडतां तिनें त्या आश्रमांत राहावें, असा तो आहे. म्हणजे शिक्षा दगड होण्याची नव्हे; दिसेनासें होण्याची. घरांतच असावें, आणि कोणीं पाहूं नये.

हें बोलून आम्ही गप्प झालों. कन्या कुंडाच्या कठड्यावर हात ठेवून उभी होती. आमच्याकडे न पाहतां ती हळूच म्हणाली, 'बाबा, मला राग नाहीं. पण त्यानंतर पुष्कळ दिवस तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हतां, हें मात्र मला आठवतें.'

वाचकहो, येथें आम्हांस आमची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वींची ती आहे. आमचें घर एकत्र. दोन भाऊ, दोघांचे संसार, वर वडील मंडळी. कन्या महाविद्यालयांत होती. तेथील नाटकांत तिची निवड झाली, आणि स्पर्धेसाठीं परगांवीं जाण्याचा प्रसंग आला. पालकाच्या सहीचा कागद तिनें आमच्यापुढें ठेवला. वडील बंधूंनीं तो उचलून नुसता वाचला आणि म्हणाले, 'आपल्या घरांत हें नाहीं.' आम्हीं एक शब्द बोललों नाहीं. कागद तसाच घडी करून तिच्या हातीं दिला. बंधूंवर दोष ढकलण्याचा विचार नाहीं. सही आमची हवी होती, आणि ती आम्हीं केली नाहीं.

आणि आम्ही नाटकाचे शत्रु होतों काय? मुळींच नाहीं. तरुणपणीं नागपुरास मुक्काम करून विक्रम गोखल्यांचें 'बॅरिस्टर' आम्हीं पाहिलें होतें, आणि त्यांतील प्रवेश कित्येक दिवस घरीं वर्णन केले होते. वर्गांत 'शाकुंतल' शिकवितांना चौथ्या अंकाशीं आमचाच आवाज दाटून येत असे. परक्यांच्या लेकींनीं रंगभूमीवर रडावें आणि आम्हीं टाळ्या द्याव्या. आपल्या लेकीनें मात्र पडद्यामागें राहावें! दुर्गाबाईंस दारें लावून घेणारा तो समाज म्हणजे कोणी निराळे लोक नव्हते. आमच्यासारखेच शिकलेले, सोज्ज्वळ, नाटकाचें तिकीट रांगेंत उभे राहून काढणारे लोक होते. त्या दिवसानंतर कन्या समोर आली कीं आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घालीत असूं. लाज आमची होती, पण दिसेनाशी ती झाली. याची जाणीव आम्हांस इतक्या वर्षांनीं, इंद्राच्या शुद्धीसाठीं निघालेल्या त्या पाण्यापाशीं झाली.

आम्ही कन्येस काय म्हणालों, तें येथें लिहीत नाहीं. मोठें असें कांहीं नव्हतें. इतकेंच, कीं तिच्याकडे पाहून म्हणालों.

नटीचा धंदा सुखाचा आहे असें आमचें प्रतिपादन नाहीं. त्यांत निश्चिती नाहीं, जागरणें आहेत, फसगत आहे; कमलाबाईंचें आयुष्य म्हणजे कांहीं फुलांची शेज नव्हती. मुलामुलींच्या हितासाठीं वडील माणसांनीं चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. शिक्षण पुरें होईल ना, संगत कोणाची, शिकविणारे कोण, पैशांची सोय काय, हे प्रश्न आम्ही आजही विचारूं. पण प्रश्न विचारणें वेगळें, आणि उत्तर ऐकण्याच्या आधींच कागद घडी करून परत देणें वेगळें. १९३३ सालीं 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत पद्मावती वर्तक व ज्योत्स्ना भोळे पुरुषांबरोबर रंगभूमीवर आल्या, तेव्हां सुशिक्षित घरांतून स्वागत झालें आणि नवें युग आलें असें मानलें गेलें. तें खरेंच आहे. मात्र ती वाट त्याच्या वीस वर्षें आधीं तुडविणाऱ्या मायलेकींस घरांतून पाठविणारें कोणी नव्हतें. त्या आपल्या पायांनीं निघाल्या. आमच्या मुलींवर तशी वेळ कां यावी?

परतीच्या गाडीस अवकाश होता. कळंबच्या स्थानकावरील बांकावर बसलों असतां नातीनें वहींतून आणखी एक कागद काढला. नाट्यशिक्षणाच्या एका वर्गाच्या प्रवेशाचा तो अर्ज होता. निवडीच्या वेळीं एखाद्या कलावंताविषयीं दहा मिनिटें बोलावें लागतें. कमलाबाईंची वही त्यासाठीं होती. अर्जाच्या तळाशीं पालकाच्या सहीची जागा मोकळी होती. नातीनें तो अर्ज आईपुढें धरला आणि डोळे मात्र आमच्याकडे लावले. कन्येनेंही आमच्याकडे पाहिलें.

'माझ्याकडे काय पाहतां?' आम्ही म्हणालों. 'पालक तूं आहेस.'

ती सही आम्हीं एके काळीं दिली नव्हती; आतां ती देण्याचा अधिकार आमचा उरला नव्हता, आणि तेंच योग्य होतें. कन्येनें पिशवी धुंडाळली. पण तिच्यापाशीं लेखणी नव्हती. आम्हीं खिशांतली काढून टोपण उघडलें आणि तिच्या हातीं दिली.